‘नाडी’ कुणाला काय विचारते

वारंगा फाटा,
१८ नोव्हेंबर २०२४

राधिका अक्का,

नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं अंगदकडून कळलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. बापू मेंढरं घेऊन जवळा बाजारकडं गेलेत, सोयाबीन निघालेल्या रानात बसवायला. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, मोतीबिंदूसारखंच असंल काही, होईल बरं.

तुम्हाला स्क्रीन बंद आहे आणि दिवसभर पालथं पडून राहायचं आहे, म्हणून कागदावर लिहून राहिले. फोनवर मी दहा गोष्टी सांगते आणि तुमच्या दोनच ध्यानात राहतात, असं तुम्हीच म्हणालात. घरमालकीण काकू हे वाचून दाखवणार, तर त्यांनाही नमस्कार.

आता मुद्द्याचं. तुमच्या ‘नाडी’ प्रोग्रामची मेल तुम्ही माझ्याकडं वळवलीत तेव्हा मला वाटलं, ‘राधिका आजारी आहेत, नंतर उत्तर देतील’ एवढंच लिहायचं काम असणार. पण काल आलेली मेल तशी नाही. कळमनुरीच्या आमच्या क्लासात जुन्या कॉम्प्युटरांवर जी हलकी फुकट सिस्टिम टाकलीय, तिच्या मंडळींची आहे. पुढच्या आवृत्तीत ते कर्नलकडून माहिती घ्यायच्या जुन्या वाटा बंद करणार आहेत. म्हणजे नाडी तिथं चालायची नाही. ते म्हणतात, नाडी कुठल्या आकड्यासाठी सिस्टिममधल्या कशावर अवलंबून आहे ते आधी नीट लिहून द्या, मग नव्या वाटांवर आणा. दहा जानेवारीपर्यंत झालं तर ठेवू, नाहीतर यादीतून काढू.

अक्का, हे मी करू का?

नांदेडहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आले त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून परमेश्वर सरांच्या क्लासात टायपिंग शिकवते आणि वर्डमध्ये अर्ज करायला शिकवते. काल ती मेल वाचली तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच धुतले आणि तुमचा कोड उघडून बसले. जेवायला उशीर झाला, अंगद फाट्यावरून खिचडी घेऊन आले.

तुमच्या उत्तराची वाट बघते.

रागिणी

•

छत्रपती संभाजीनगर,
२४ नोव्हेंबर

चि. सौ. रागिणीस अनेक आशीर्वाद. (हे माझं आहे. राधिका असलं काही सांगत नाही, सरळ कामाला लागते. बाकी सगळं ती सांगते तसं लिहिते. — कौशल्याबाई)

रागिणी, कर. विचारायचं काय त्यात.

पण एक ऐक. कोडला लगेच हात लावू नकोस. सगळे तिथंच फसतात. नवीन सिस्टिम आली की उत्साहात बदल करत सुटतात, आणि वर्षभरानं कुणालाच सांगता येत नाही की अमुक ओळ काहून तिथं आहे. आधी फक्त लिही. नाडी एकेक आकडा देते: प्रोसेसरवर भार किती, मेमरी किती मोकळी, डिस्कवर किती लिहिलं-वाचलं गेलं, नेटवरून किती आलं-गेलं. प्रत्येकापुढं लिही की तो कुणाला विचारला, उत्तर कशात मोजून मिळालं, विचारायला काय अधिकार लागला, आणि उत्तर मिळालं नाही तर नाडी काय करते. हे शेवटचं विसरू नकोस.

आणि असं लिही की काकूंना कळलं पाहिजे. मला दिवसभर जमिनीकडं तोंड करून पडायचं आहे, डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला आतून टेकून धरतो. तुझं लिहिलेलं काकू वाचणार आणि मी ऐकणार. त्यांना अडलं की मलाही अडणार.

माझी काळजी नको. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.

राधिका

ता. क. रागिणी, मी चाळीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. मला कळेल असं लिहिणं अवघड नाही. एवढंच सांग, हा कर्नल कोण? फौजेतला का? तिनं हसून सांगितलं नाही, म्हणाली रागिणीलाच विचारा. — कौ.

•

वारंगा फाटा,
३ डिसेंबर

अक्का आणि काकू,

काकू, कर्नल फौजेतला नव्हे. कॉम्प्युटर चालू असताना आत जे सगळ्यांवर देखरेख करतं, कुणाला किती मेमरी द्यायची, डिस्कवर आधी कुणी लिहायचं हे ठरवतं, ते कर्नल. सगळा खरा हिशेब त्याच्याजवळ. नाडी स्वतः काही मोजत नाही, त्याला विचारते. लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमवर तो हिशेब फायलींसारखा मांडून ठेवतो, कुणीही उघडून वाचावा. ह्या नव्या सिस्टिमवर तशा फायली नाहीत. प्रत्येक गोष्टीचं वेगळं दार आहे, तिथं जाऊन विचारावं लागतं. मी त्या दारांची माहिती लिहून राहिले.

आता मेमरीचं ऐका. अक्का, हे तुम्हाला माहीतच असणार, पण मला स्वतःला सापडलं म्हणून सांगते. लिहिण्याचा मेमरीचा भाग संपला तेव्हा तुमच्या कोडची एक वेगळी प्रत काढली आणि तीत नवं दार जोडून बघितलं. परमेश्वर सरांनी एका मशिनवर नवी चाचणी आवृत्ती टाकू दिलीय. चालवलं तर मशिनची मेमरी बराबर चौथाई दिसली! सर म्हणाले, मेमरीच्या काड्या गेल्या असतील, काढून पुसून बसवा. मी म्हटलं, सर, चौथाई म्हणजे चौथाईच कशी? मग उमगलं. लिनक्स किलोबाइटमध्ये उत्तर देतं, आणि हे दार पानांमध्ये. एक पान चार किलोबाइटचं. आणि तेही सगळ्या मशिनवर सारखं नसतं, पान केवढं आहे ते आणखी एका दाराला विचारावं लागतं. ही गोष्ट कुठंच लिहिलेली नव्हती अक्का. आता आहे. मी लिहिली.

क्लासातून येताना जीपमध्ये मला सारखं हसू येत होतं. शेजारची बाई म्हणाली, काय सोयरीक जमली का कुणाची.

एक अडचण मात्र आहे. डिस्कचे आकडे माझ्या लॅपटॉपवर नीट येतात. क्लासातल्या मशिनवर विद्यार्थ्याच्या खात्यानं चालवलं की शून्य. मोठी फाइल कॉपी करून राहिले, डिस्क घरघरून राहिली, आणि नाडी म्हणते शून्य. अॅडमिनच्या खात्यानं चालवलं की बरोबर आकडा. म्हणजे अधिकाराचा प्रश्न दिसतो. मला वाटतं, नाडी कायम अॅडमिनच्याच अधिकारानं चालवायची असं लिहून टाकावं. सोपं आहे आणि वेळेत होईल. दहा जानेवारी लांब नाही. लवकर कळवा.

रागिणी

•

छ. संभाजीनगर,
९ डिसेंबर

रागिणी,

नाही. अॅडमिनचा अधिकार कायम ठेवून नाडी चालवायची नाही. कुठंच. कारण शोध.

आज जास्त लिहीत नाही.

राधिका

•

वारंगा फाटा,
१३ डिसेंबर, सकाळ

अक्का,

पाकिटावर तुमचं अक्षर बघून आधी आनंद झाला. स्वतः लिहिलंत म्हणजे डोळा बरा झाला. अंगदलाही तसंच सांगितलं. मग आतलं वाचलं.

ओळी तिरप्या गेल्यात, एकीवर एक चढलीय. इतक्या घाईत आणि इतक्या रागात मला कुणी कधी लिहिलं नव्हतं. काकूंकडूनही एक शब्द नाही. मी सोपी वाट धरली हे तुम्हाला आवडलं नाही, ते समजलं. पण मला ह्यातलं काही येत नाही असं वाटत असेल तर तसं सांगा. मी त्या मंडळींना कळवते की आम्ही माघार घेतो. किंवा आता तुम्हाला दिसून राहिलंय तर तुम्हीच पुढं करा. मला वाईट वाटणार नाही असं म्हणणार नाही. वाटेल.

क्लासची वेळ झाली.

संध्याकाळ

सकाळचं फाडणार होते. राहू देते, कारण खरं होतं. पण आता ऐका!

तुम्ही ‘कारण शोध’ म्हणालात, ते डोक्यातून जाईना. पोरींना टायपिंगचा धडा दिला आणि मी तुमच्या जुन्या कोडच्या अगदी सुरुवातीला गेले. नाडी उठल्या उठल्या आधी अॅडमिनच्या अधिकारानं डिस्कचं दार उघडते, उघडंच धरून ठेवते, आणि मग अधिकार सोडून देते. पुढं साध्या खात्यानं कितीही वेळा विचारलं तरी चालतं, कारण दार आधीच उघडलेलं. किती छान केलंय अक्का! आणि ह्या क्रमाबद्दल कुठं एक ओळ नाही.

नव्या सिस्टिमवर हे चालत नाही, कारण तिथलं दार उघडताना काही विचारत नाही. ते प्रत्येक प्रश्नाला अधिकार तपासतं. आपण तोवर अधिकार सोडलेला असतो. ते नकार देतं.

आणि नकार मिळाला की नाडी काय करते? शून्य लिहिते. तुम्ही पहिल्याच पत्रात म्हणाला होतात, उत्तर मिळालं नाही तर काय होतं ते लिहायला विसरू नकोस. मी नेमकं तेच सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

मग दुसरं दार शोधलं. एकेका डिस्कचा तपशील न देता सगळ्यांची बेरीज देणारं एक आहे, त्याला अधिकार लागत नाही, पण ते फक्त नव्या आवृत्तीपासून. मी जोडून बघितलं. विद्यार्थ्याच्या खात्यानं, अक्का. आकडा हलला! मी उठून उभी राहिले, सगळ्या पोरी टायपिंग थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या. परमेश्वर सर दारातून आत आले, काय झालं म्हणून. मी त्यांना स्क्रीनसमोर बसवून फाइल कॉपी करायला लावली आणि आकडा पळताना दाखवला. त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितली.

जुन्या आवृत्तीवर हे दार नाही. तिथं काय सांगायचं? मला वाटतं शून्य सांगू नये, ‘माहीत नाही’ असं वेगळं उत्तर ठेवावं. पण आठ वर्षं लोक नाडी वापरतात, त्यांच्या प्रोग्रामना फक्त आकडा घ्यायची सवय आहे. त्यांना बदल करावा लागेल. हे माझ्या हातातलं नाही. तुमचा निर्णय.

सकाळच्या पत्राबद्दल रागावू नका. किंवा रागवा, पण उत्तर द्या.

रागिणी

•

छ. संभाजीनगर,
१८ डिसेंबर

रागिणी,

तुझं पत्र काकूंनी तीनदा वाचलं. दोनदा मी सांगितलं म्हणून, तिसऱ्यांदा त्यांनी आपणहून.

ते तिरपं पत्र रागानं लिहिलेलं नव्हतं. मला दिसत नव्हतं.

पडदा पुन्हा सुटला. आठ तारखेला दुसरं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं पत्र आलं, डॉक्टर फिरून गेले होते, आणि उजव्या डोळ्यानं आता उजेड-अंधारापलीकडं काही दिसेल का, हे ते सांगू शकत नव्हते. डाव्यालाही तेव्हा पट्टी होती. मी काकूंना सांगितलं, लिहा की सगळं ठीक आहे. काकू म्हणाल्या, “मी फळ्यावर खोटं लिहिलं नाही, कागदावर पण लिहायची न्हाई.” पेन माझ्या हातात दिलं आणि खोलीतून निघून गेल्या. मग चाचपडत जेवढं जमलं तेवढं लिहिलं. ‘सगळं ठीक आहे’ मलाही लिहवलं नाही. राहिलं फक्त कामाचं.

तुला आधी का सांगितलं नाही ते सांगते. कळलं असतं तर तू हे काम माझ्यावर दया म्हणून केलं असतंस. मला ते नको होतं. तू जीपमध्ये हसत होतीस, बाईनं सोयरीक विचारली, ते मी दवाखान्याच्या खाटेवर पालथी पडून ऐकलं. त्या दिवसात तेवढंच चांगलं काही कानावर आलं. ते बंद होऊ नये असं वाटत होतं.

आता डिस्कचं. ‘माहीत नाही’ हे उत्तर घाल. लोक ओरडतील, ओरडू दे. ज्याला उत्तर मिळालं नाही त्यानं शून्य सांगू नये. डिस्कपुरतं नको, सगळ्याच आकड्यांना घाल. पान किती मोठं ते कळलं नाही तरी तेच. काम वाढेल. दहा तारखेपर्यंत जमेल का ते तूच सांग, मी इथून काही करू शकत नाही.

आणि दार आधी उघडून मग अधिकार सोडायचा तो क्रम. तो मी कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते तेव्हा लिहिला. कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. आठ वर्षांत तू पहिली.

बापूंना सांगू नकोस. ते रानात एकटे असतात.

राधिका

ता. क. मी आता बोलते आहे हिच्याशी. — कौ.

•

वारंगा फाटा,
२३ डिसेंबर

अक्का,

पत्र आलं तेव्हा अंगद दुकानात एका ट्रकचं चाक उतरवून बसले होते. मी तिथंच त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी हात पुसले, पत्र स्वतः एकदा वाचलं आणि दुकानाचं शटर ओढलं. ट्रकवाला ओरडत होता, त्याला शेजारच्या दुकानात पाठवलं. मग म्हणाले, “बापूला मी सांगतो. माझी बहीण हाय, मला कोणी न्हाई म्हणायचं न्हाई.”

म्हणून बापूंना कळलं आहे. मी सांगितलं नाही, एवढंच.

बापू कालच आले. मेंढरं त्यांनी चुलत्यांकडं सोपवली. मी ह्या घरात आल्यापासून ते कळप सोडून कुठं गेलेले पाहिलं नव्हतं, लग्नालासुद्धा ते जेवणं उरकून रानात परतले होते. आल्या आल्या त्यांनी एकच विचारलं, तिला मी दिसंल का. अंगद म्हणाले, डाव्यानं दिसंल. मग बापू अंघोळीला गेले.

आम्ही तिघं शनिवारी निघतो. लिहिलेलं सगळं छापून घेतलंय, परमेश्वर सरांनी क्लासाच्या प्रिंटरवर काढून दिलं. पाठवण्याआधी तुम्हाला पूर्ण वाचून दाखवायचं आहे. काकूंना म्हणावं, ह्या वेळी वाचायची पाळी माझी.

‘माहीत नाही’ सगळीकडं घातलं आहे. नेटवर्कचा भाग तेवढा राहिलाय, तो येताना एसटीत करते.

आणि दया वगैरे नाही हो अक्का. इतकी मजा मला कधीच आली नव्हती.

रागिणी

•

छ. संभाजीनगर,
५ जानेवारी २०२५

रागिणी,

तुम्ही दोघं गेल्यावर घर फार शांत झालं. बापू अजून इथंच आहेत. परवा जातो म्हणाले होते, आज परत परवा म्हणाले. काकूंच्या गच्चीवर सकाळी कांबळ टाकून बसतात आणि खाली गल्लीत कुणाची शेळी दिसली की वरून तिच्या मालकाला काहीतरी सांगतात. लोक ऐकतात, आश्चर्य आहे.

तू वाचत होतीस तेव्हा बापू दारात बसले होते, आठवतं? तू गेल्यावर मला म्हणाले, “पोरीनं यवढं वाचलं, तुला बराबर वाटलं का समदं?” मी म्हटलं, दोन ठिकाणी नाही, बाकी सगळं. ते म्हणाले, “मंग तिला सांगितलं का तसं?” म्हणून सांगते. वाचताना मी फक्त त्या दोन चुका सांगितल्या होत्या. बाकी सगळं बरोबर आहे. चांगलं आहे. मी लिहिलं असतं तर इतकं सरळ झालं नसतं.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्याला रोज थोडा वेळ स्क्रीनची परवानगी दिली. उजव्यानं समोर हात हलला तर कळतो, बोटं मोजता येत नाहीत. पुढं थोडं सुधारेल म्हणतात, किती ते नाही सांगत. मला आता त्यांनी तसं सांगितलेलंच बरं वाटतं.

पहिल्या दिवशी मिळालेल्या वेळात मी एकच काम केलं. नाडीच्या पहिल्या पानावर जिथं सांभाळणाऱ्याचं नाव असतं, तिथं तुझं नाव घातलं. माझ्याखाली नाही, बरोबर. तुला विचारलं नाही. नको असेल तर काढ, तुझ्याकडं अधिकार आहे.

पाठवून दे आता. दहाची वाट बघू नकोस.

राधिका

ता. क. ‘अवलंबून’ हा शब्द तू दोन पानांत अकरा वेळा लिहिलास. बाकी पैकीच्या पैकी. — कौ.

•

वारंगा फाटा,
२१ जानेवारी

अक्का, काकू, आणि तिथंच असतील तर बापू,

घेतलं! काल रात्री त्यांची मेल आली, सकाळी उठून बघितली. त्यांनी आधी सहा-सात शंका काढल्या होत्या, त्यातल्या दोन खऱ्या होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. नेटवर्कचा आकडा काही मशिनवर मोठा होत होत एकदम परत शून्याजवळ येतो, कारण मोजायला जागा अपुरी पडते. हे मी लिहिलं होतं, पण तसं झालं तर नाडीनं काय करावं ते लिहिलं नव्हतं. आता आहे. नव्या आवृत्तीच्या यादीत नाडी आहे. त्यांनी आपलं लिहिलेलंही सोबत ठेवलंय, कुणीही वाचावं म्हणून.

‘माहीत नाही’वर दोघं जण ओरडले. तुम्ही म्हणाला होतात तसंच. एकानं लिहिलं, आमच्या तक्त्यात आता रिकामी घरं दिसतात. मी त्याला शांतपणे लिहिलं की ती आधीही रिकामीच होती. अंगदला ते वाचून दाखवलं, त्यांनी दुकानात आलेल्या दोघातिघांना सांगितलं. त्यांना काय कळलं माहीत नाही, पण हसले.

परमेश्वर सरांनी क्लासातल्या सगळ्या मशिनवर नवी आवृत्ती टाकायचं ठरवलंय. आणि मला विचारलं, पुढच्या महिन्यापासून टायपिंगबरोबर पोरींना हे शिकवाल का. मी हो म्हणून बसले. काय शिकवायचं ते अजून ठरवलं नाही.

लांबवणार होते पत्र, पण आत्ताच एक मेल आलीय. कुणीतरी चिलीचा माणूस आहे, शाळेत कॉम्प्युटर सांभाळतो. त्याच्या मशिनवर मेमरीचा आकडा एकूण मेमरीपेक्षा मोठा दिसतो म्हणे. ह्या वेळी मेल तुमच्या नावानं माझ्याकडं वळून आलेली नाही. वर सरळ माझं नाव आहे. मी ती दोनदा वाचली, उठून पाणी प्याले, परत वाचली. त्याच्या पानाचा आकार वेगळा असणार असं वाटतं, पण तसं असेल तर आपण त्या दाराला विचारलं आहे, मग हे काहून? म्हणजे तिसरंच काही आहे. मला अजून सुचलेलं नाही आणि मला फार आनंद झालाय.

आता ठेवते. त्याला उत्तर लिहायचं आहे, तिथं उजाडायच्या आत.

रागिणी